छोट्या क्रिप्टो नाण्यात पैसे आले, तर ते नंतर परत जाऊ शकतात का?

तुम्ही विचारलंय की बाहेरगावचा एक ग्राहक हापूसच्या पेट्यांचे पैसे एका छोट्या क्रिप्टो नाण्यात देतोय, तर वॉलेटमध्ये रक्कम दिसताच देवगडहून गाडी सोडावी का. कृपा करून सोडू नका. आमचीही बाग आहे, वर्षाची कमाई त्या दोन महिन्यांत येते, म्हणून जरा कळकळीने सांगतोय.

मायनिंगवर, म्हणजे संगणकांच्या कामाने व्यवहार नोंदवण्यावर, चालणाऱ्या नाण्यात नोंदींच्या ज्या साखळीवर सर्वाधिक संगणकीय काम झालंय ती खरी. निम्म्याहून जास्त हॅशरेट, म्हणजे त्या नाण्यामागची संगणकीय ताकद, ज्याच्या हाती, तो गुपचूप दुसरी साखळी बनवू शकतो, जिच्यात तीच नाणी तुम्हाला न देता त्याने स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर पाठवलेली असतात. पेट्या फोंडा घाट चढून गेल्या की तो ती जाहीर करणार, आणि तुमचा व्यवहार पुसला जाणार. तुमच्या वॉलेटमधली आधीची नाणी मात्र त्याला काढता येत नाहीत. त्यासाठी तुमचीच खाजगी किल्ली, म्हणजे वॉलेटचा गुप्त कोड, लागते.

हे खरंच घडलंय. मे 2018 मध्ये बिटकॉइन गोल्डवर असाच हल्ला होऊन एक्स्चेंजेसना, म्हणजे नाणी खरेदी-विक्रीच्या बाजारांना, सुमारे 1.8 कोटी डॉलरचा फटका बसला. इथेरियम क्लासिकवर जानेवारी 2019 मध्ये हल्ला झाला आणि ऑगस्ट 2020 मध्ये एकाच महिन्यात तीनदा. ऑगस्टमधल्या पहिल्या हल्ल्यात 3,000 हून जास्त ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचे गठ्ठे, उलटले. तिथे सहा कन्फर्मेशनचा, म्हणजे आपल्या व्यवहाराच्या ब्लॉकसह सहा ब्लॉक होईपर्यंत थांबण्याचा, नियम पाळून काय उपयोग?

नुसता हॅशरेटचा आकडा बघू नका. तेवढी ताकद काही तासांसाठी भाड्याने मिळते का, हे बघा. छोटं नाणं मोठ्या नाण्याच्याच यंत्रांवर चालत असेल तर ती सहज मिळते. बिटकॉइनचं तसं नाही. 2021 मध्ये चीनने मायनिंगवर बंदी घातली तेव्हा त्याचा हॅशरेट जवळपास निम्मा झाला, तरी उरलेल्यावर मात करण्याइतकी यंत्रं भाड्याने मिळणं शक्य नव्हतं.

ते नाणं मोठ्या एक्स्चेंजवर असेल तर जमा रकमेसाठी तिथे किती कन्फर्मेशन मागतात ते पाहा. हा आकडा मोठा असेल तर धोका त्यांनाही दिसतोय. पण काढलेला आंबा तेवढा थांबणार आहे का? त्यापेक्षा ग्राहकालाच सांगा, नाणी विकून रुपये बँकेत पाठव. त्याची नियत साफ असेल तर तो एवढं नक्की करेल.