नागपूरचा हॅम अमेरिकेत बोलू शकतो का?

प्रश्न: ताई, माझ्या पोरीकडं भारताचं हॅम रेडिओचं, म्हणजे हौसेनं रेडिओवरून दूरवर बोलण्याचं, लायसन्स आहे, आता नोकरीसाठी डॅलसला चालली, तिथं परत परीक्षा द्यावी लागंल का जी? (वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर: नाही, लगेच तरी नाही! भारत आणि अमेरिका यांच्यात रेसिप्रोकल करार (एकमेकांची लायसन्सं मानण्याचा करार) आहे, म्हणून भारतीय नागरिक असलेल्या हॅमला तिथं वेगळा अर्जसुद्धा करावा लागत नाही, फक्त चालू लायसन्स आणि पासपोर्ट जवळ पाहिजे. बँड (रेडिओ लहरींचे पट्टे) आणि पॉवर मात्र तिच्या भारतीय लायसन्सात आहे तेवढीच. कॉलसाइनच्या (लायसन्ससोबत मिळालेल्या ओळख-नावाच्या) आधी डब्ल्यू आणि त्या भागाचा आकडा लावायचा, टेक्सासला ५, म्हणजे 'डब्ल्यू ५ स्ट्रोक' (स्ट्रोक म्हणजे तिरकी रेघ) आणि मग तिचा व्हीयूनं सुरू होणारा भारतीय कॉलसाइन, आणि प्रत्येक संभाषणात एकदा तरी शहर आणि राज्य इंग्रजीत सांगायचं, हे बरेच जण विसरतात.

पण तिथं वर्षानुवर्षं राहणार असंल तर मी म्हणीन टेक्निशियनची, म्हणजे अमेरिकेतल्या पहिल्या पायरीच्या हॅम लायसन्सची, परीक्षा देऊनच टाकावी, ३५ प्रश्न असतात, नागरिकत्व लागत नाही, पण अमेरिकेतला पत्ता लागतो. एकदा एफसीसीचं (तिथल्या रेडिओ लायसन्स देणाऱ्या सरकारी संस्थेचं) लायसन्स मिळालं की कराराची सवलत संपते, मग तिथलाच कॉलसाइन वापरायचा. इथलं लायसन्स मात्र रिन्यू करत राहा, सुट्टीत घरी आली की लागंलच.