पुण्याहून गोव्याला किनाऱ्याकिनाऱ्याने बुलेटवर जायचंय, गाईड असलेली टूर घ्यावी का?

सोबत दोघं-तिघं असतील तर गाईडचे पैसे वाचवा. हा रस्ता मी दोनदा केलाय, चुकायला फारसा वावच नाही: ताम्हिणी उतरून श्रीवर्धन गाठायचं आणि मग समुद्र उजव्या हाताला ठेवायचा. खरी गंमत खाड्यांची. बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड अशा तीन फेरीबोटी बाइकसकट पलीकडे नेतात. शेवटची बोट कधी, ते आधीच विचारा. चुकली तर खाडीला भलामोठा वळसा. परतताना आंबोली घाट चढा. मात्र पावसाळ्यात घाटात धुकं आणि दरडी असतात, तेव्हा पहिल्यांदाच लांब पल्ल्याला निघत असाल तर मागे मेकॅनिकची गाडी असलेली टूरच बरी.