यूपीएस बॅटरीवर गेल्याचा ईमेल आपोआप यावा, यासाठी काय करावे?

कार्यालयातील यूपीएस बॅटरीवर गेला की आपल्याला आपोआप ईमेल यावा, त्यासाठी कोणती प्रणाली बसवावी, असे आपण विचारले आहे. प्रणाली बसवणे हे यातले सोपे काम आहे. तो मेल ऐन वेळी हाती पडणे अवघड आहे, आणि याचा अनुभव मी लातूर जिल्ह्यातील एका पतसंस्थेत संगणकाचे काम पाहत असताना घेतला आहे.

मे महिन्यातील एका शनिवारी संध्याकाळी वळवाच्या पावसात तारांवर झाड पडून गावाची लाइट गेली. कार्यालयाला कुलूप लागलेले होते. यूपीएस बंद खोलीत वाजत राहिला, बॅटरी संपली आणि सर्व्हर चालू कामातच बंद पडला. सोमवारी सकाळी डेटाबेस उघडेना, आणि दारात पिग्मी एजंट पैशांच्या पिशव्या घेऊन उभे. शुक्रवार रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावले, परंतु शनिवारची एकेक नोंद आम्ही पावत्या पाहून रात्री अकरापर्यंत पुन्हा भरली.

त्यानंतर मी ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ ही यूपीएसवर लक्ष ठेवणारी संगणक प्रणाली बसवली. पुढच्या वेळी लाइट गेली तेव्हा मेल आला नाही. ती परत आल्यावर ‘वीज गेली’ आणि ‘वीज आली’ हे दोन्ही मेल एकाच मिनिटाला मोबाइलवर आले. सर्व्हरवरून मेल पाठवणाऱ्या ‘पोस्टफिक्स’ प्रणालीने पहिला मेल रांगेत धरून ठेवला होता, कारण राउटरची पिन यूपीएसमध्ये नव्हती, ती भिंतीवरच्या साध्या सॉकेटमध्ये होती. तेव्हाचे व्यवस्थापक म्हणाले, “तुमच्या मेलपेक्षा आपला शिपाई बरा.” मी तेव्हाही सांगितले आणि आजही सांगतो, की दोष त्या पिनेचा होता, मेलचा नव्हता, शिवाय शनिवारी रात्री शिपाई कार्यालयात नसतो. राउटर आणि फायबरची पेटी ही दोन्ही त्याच यूपीएसवर असलीच पाहिजेत.

मांडणी अशी ठेवावी: ‘अपसमॉन’ या यूपीएसवर नजर ठेवणाऱ्या भागाच्या फाइलमध्ये बॅटरीवर जाणे, लाइट परत येणे, बॅटरी संपत येणे, यूपीएसशी संपर्क तुटणे आणि बॅटरी बदलण्याची सूचना या पाचही घटनांना ‘एक्झेक’ (म्हणजे घटना घडताच ठरलेली आज्ञा चालवणे) लावावे, आणि ‘अपस्केड’ या वेळ सांभाळणाऱ्या भागामध्ये ३० सेकंदांचा टायमर ठेवून लाइट परत येताच तो रद्द करावा, अन्यथा प्रत्येक झटक्याला मेल येऊन आपण ते पाहणेच सोडून द्याल. जीमेलवरून पाठवणार असाल तर अ‍ॅप पासवर्ड, म्हणजे अशा प्रणालीसाठी गूगल देते तो वेगळा पासवर्ड, काढावा लागेल, कारण नेहमीचा पासवर्ड अशा प्रणालींसाठी २०२२च्या मेअखेर बंद झाला. बॅटरी संपत येताच सर्व्हर व्यवस्थित बंद करणारी आज्ञा मात्र मेलच्याही आधी तपासावी. ती असती तर आमचा तो सोमवार वाया गेला नसता.

बॅटरीवरूनही त्याच व्यवस्थापकांशी माझा वाद झाला. चौथ्या वर्षातली बॅटरी ‘अजून चालते’ म्हणून त्यांनी बदलू दिली नाही. शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य साधारण २५ अंशांना धरलेले असते आणि त्यापुढे दर दहा अंशांना जवळपास निम्मे होते. आपल्याकडे मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि यूपीएस बहुधा बिनखिडकीच्या खोलीत असतो. लाइट गेल्यापासून बॅटरी संपत आल्याच्या मेलपर्यंत किती मिनिटे गेली, हे मी दर वेळी वहीत लिहून ठेवू लागलो, आणि तो आकडा बावीसवरून नऊवर आला तेव्हा संचालक मंडळाने एका बैठकीत नव्या बॅटरीला मंजुरी दिली.

एक गोष्ट सांगायची राहिली: आपला यूपीएस यूएसबीने किंवा दुसऱ्या कोणत्या मार्गाने संगणकाशी बोलत नसेल, किंवा तो घरगुती इन्व्हर्टर असेल, तर मेलची ही मांडणी लागू होणार नाही. चाचणी घेताना पिन उपसू नये, अर्थिंग तुटते. भिंतीवरचे बटण बंद करावे, आणि ते कार्यालय सुटल्यावरच करावे.