‘जर्व्हो’मधली नदी कुठे गेली?

प्रश्न असा आला: यॉर्कशरमधल्या जर्व्हो मठाचे अवशेष वेन्स्लीडेलमध्ये आहेत, तिथली नदी यूर. मग ‘जर्व्हो’ हे नाव आलं कुठून? कुणा माणसाचं आहे का?

माणसाचं नाही, नदीचंच आहे. यूरचं जुनं रूप ‘योर’. खोऱ्याला ‘योरडेल’ म्हणत. डेल म्हणजे खोरं. आपल्याकडे वेळवंडी नदीचं वेळवंड खोरं, तसंच. सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाचे मठवासी आधी याच खोऱ्यात वरच्या अंगाला फोर्स इथे राहत होते. तिथे निभाव लागेना, म्हणून 1156मध्ये खाली ईस्ट विटनजवळ आले आणि खोऱ्याचंच नाव त्यांनी नॉर्मन फ्रेंच वळणाने मठाला दिलं: योर अधिक ‘व्हो’, म्हणजे खोरं.

‘य’चा ‘ज’ कसा झाला? लॅटिन लिखाणात आय आणि जे ही दोन वेगळी अक्षरं नव्हती, आणि शब्दारंभीच्या ‘य’चा फ्रेंचमध्ये ‘ज’ होऊन बसला होता. यात्रेची जत्रा आणि यमुनेची जमुना करणाऱ्यांना हे नवल वाटायला नको! पण नदी इंग्रजांच्या तोंडी ‘य’च राहिली, मठ तेवढा ‘ज’ झाला. म्हणून आज दोघांचं नातं कानाला कळत नाही.

जर्व्होचं इंग्रजी स्पेलिंग Jervaulx. त्यातल्या शेवटच्या ‘एयूएलएक्स’ची तर गंमतच आहे. मुळात ‘व्हाल’. फ्रेंचमध्ये त्यातल्या ‘ल’चा ‘उ’ झाला. पुढे लेखनिकांना लॅटिन ‘व्हालिस’ आठवला आणि त्यांनी ‘ल’ पुन्हा घुसडला, ‘उ’ न काढता. म्हणजे एकच अक्षर दोनदा. एक्स हा ‘उस’साठी वापरायचा हस्तलिखितांतला संक्षेप होता, तो पुढे अक्षर म्हणूनच उरला. उच्चारात यातलं काही नाही.

वेन्स्लीडेल हे नाव मात्र नदीचं नाही, वेन्स्ली गावाचं. यॉर्कशरच्या इतर डेलांची नावं बहुतेक नद्यांवरून पडलेली, हे अपवाद. योरडेल आता मुख्यतः भूशास्त्रज्ञांच्या तोंडी, तिथल्या खडकांपुरतं उरलंय.

जुन्या रूपाची मला सर्वांत आवडती नोंद लंडनच्या टॉवरमध्ये आहे. आठव्या हेन्री राजाविरुद्ध उत्तर इंग्लंडमध्ये झालेल्या बंडानंतर मठाधिपती अ‍ॅडम सेडबारला तिथे कोंडलं होतं. तिथल्या बीचम बुरुजाच्या भिंतीवर त्याचं नाव कोरलेलं आहे: ‘अ‍ॅडम सेडबार, अब्बास योरेव्हाल, 1537’. अब्बास म्हणजे मठाधिपती. त्याच वर्षी त्याला देहदंड झाला आणि मठ जप्त झाला.