सगळं पुन्हा सांगावं लागेल या भीतीने थेरपी टाळतोय, काय करू?

तुम्ही लिहिलंय की अपघाताला दीड वर्ष होऊन गेलं तरी हॉर्न वाजला की अंगाला कापरं भरतं, मध्यरात्री दचकून जाग येते आणि थेरपिस्टकडे जायचं म्हटलं की पाऊल उचलत नाही, कारण तिथे सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. याच भीतीपायी मी चार वर्षं घालवली, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या दिवशी ते सांगावं लागत नाही. मी ज्यांच्याकडे टिकले, त्यांना पहिल्या भेटीत एवढंच म्हणाले होते, "घराला आग लागली होती. त्यावर आत्ता बोलवणार नाही." त्या म्हणाल्या, "चालेल. झोप कशी आहे?" पुढचा तासभर झोप, जेवण, घरात कोण कोण असतं, कशाने धडधड वाढते, यावरच गेला. त्यानंतरच्या काही भेटींत फक्त घाबरलेलं शरीर कसं शांत करायचं ते शिकले: पाय जमिनीवर घट्ट टेकवायचे, श्वास हळू सोडायचा, खोलीतल्या वस्तूंची मनात नावं घ्यायची. तेव्हा मला ते पोरकट वाटलं होतं. पुढे आगीच्या आठवणीला हात घातला तेव्हा त्याचाच आधार झाला, आणि हात कधी घालायचा ते मी ठरवलं.

टाळण्याने तात्पुरतं बरं वाटतं, हे खरंच आहे. पण दर वेळी टाळलं की मेंदूची खात्री पटते की धोका अजून आहे. मी आधी गॅस पेटवणं सोडलं, मग लग्नाकार्यांना जाणं, शेवटी स्वयंपाकघरात एकटीने थांबणंही.

तुम्ही विचारलंय, "हा माझा कमकुवतपणा आहे का?" अजिबात नाही. पीटीएसडी, म्हणजे जबर धक्का देणाऱ्या घटनेनंतर टिकून राहणारा मानसिक त्रास, हे निदान 1980 पासून मानसोपचाराच्या अधिकृत वर्गीकरणात आहे, आणि अशी लक्षणं महिन्याहून जास्त टिकली तर तपासून घ्यावं असं मानलं जातं. तुमचं दीड वर्ष झालंय. तुम्हाला तेच आहे का, हे मात्र तज्ज्ञच सांगू शकतील.

यावर उपचार आहेत. ट्रॉमावर, म्हणजे अशा घटनेने मनावर झालेल्या आघातावर, केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर काम करणारी थेरपी) आणि ईएमडीआर (आठवण मनात ठेवून डोळ्यांची ठरावीक हालचाल करायची पद्धत) या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2013 साली केली. ईएमडीआरमध्ये घटनेचा तपशील मोठ्याने सांगावा लागत नाही, तेव्हा तुमची अडचण पाहता त्याबद्दल जरूर विचारा. औषधं लागली तर ती मानसोपचारतज्ज्ञ देतात. कृपा करून झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. आणि जीव नकोसा वाटत असेल तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका, आजच जवळच्या माणसाला सांगा आणि त्याला सोबत घेऊन दवाखाना गाठा.

एक गोष्ट मला कोणी आधी सांगायला हवी होती. मी सगळ्यात आधी ज्यांच्याकडे गेले, त्यांनी पंधरा मिनिटांत "झालं गेलं विसरा" असा सल्ला दिला. थेरपी म्हणजे हेच असं समजून मी वर्षभर पुन्हा कुठे फिरकलेच नाही. ते वर्ष वाया गेलं याचं मला अजून वाईट वाटतं. दोन-तीन भेटींत सूर जुळला नाही तर बेलाशक दुसरीकडे जा.

काही सेशननंतर थकवा येईल, त्या रात्री स्वप्नंही पडतील. मी त्या संध्याकाळी कोणतंच काम ठेवत नसे, आणि बहीण घ्यायला यायची.

फोनवर बोलणं जड जात असेल तर मेसेज करा. मी केलेला जवळपास असा होता, हवा तर हाच पाठवा: "नमस्कार. एका अपघातानंतर मला त्रास होतोय. ट्रॉमावर काम करण्याचं प्रशिक्षण तुम्ही घेतलं आहे का? पहिल्या भेटीत घटनेबद्दल बोलायची माझी तयारी नाही. चालेल का?"