वाचकांचे प्रश्न (कोविडच्या लॉकडाऊनमधले) : लॉकडाऊन आणि बुलेट

प्रश्न : पहाटे एकटाच बुलेटनं रामटेकला जाऊन आलो, कुठे थांबलो नाही, तर कुणाला काय धोका? गाडी उभी राहून खराबही होते आहे. (वाचक, नागपूर)

उत्तर : नका जाऊ. संसर्ग हा एकच धोका नाही. जाऊन-येऊन सुमारे शंभर किलोमीटर होतात. वाटेत मनसरच्या आसपास टायर पंक्चर झालं, तर पंक्चरवाला शोधा, ढकलायला माणूस बोलवा. माणसांपासून राखायचं अंतर तिथंच संपलं. आणि रिकाम्या रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर आपोआप जास्त पिळला जातो. मांडीचं हाड मोडलं तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत खाट, रक्त, भूलतज्ज्ञ लागतात. या लॉकडाऊनच्या काळात तिथलीच माणसं कोविड वॉर्डात राबताहेत. औषध-किराण्यासाठी गाडी जरूर काढा, हौसेसाठी नाही.

गाडीची काळजी मात्र रास्त आहे. रोज पाच मिनिटं इंजिन चालू ठेवण्यानं बॅटरी भरत नाही. सेल्फनं खाल्लेला करंटही नीट परत येत नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी साचून गंज धरतो. त्यापेक्षा बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडा, मग पॉझिटिव्ह. मल्टिमीटरवर 12.4 व्होल्टच्या खाली दिसलं तर बाइकच्या बॅटरीचाच चार्जर लावा. कारच्या मोठ्या चार्जरनं ती तापते. कार्ब्युरेटर असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून त्याच्या बाऊलमधलं (खालच्या वाटीतलं) पेट्रोल काढून टाका, नाहीतर जेट (पेट्रोलची बारीक छिद्रं) चिकटतात. गाडी मेन स्टँडवर, सावलीत. नागपूरच्या मे महिन्यात उन्हातलं रबर लवकर तडकतं.