वाचक विचारतात : फोटोच्या फोल्डरात पीएचपी आली कुठून?

प्रश्न : ताई नमस्कार, मी फ्रीलान्स साइट्स करतो. एका ज्युनिअर कॉलेजचा ॲडमिशन फॉर्म पीएचपीत (सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेत) केलाय, शेअर्ड होस्टिंगवर आहे. पोरं फोटो, दहावीची मार्कशीट आणि आधार अपलोड करतात. जावास्क्रिप्टमध्ये फक्त जेपीजी आणि पीडीएफ घ्यायचं असं लावलंय, पीएचपीत परत टाइप चेक करतो. तरी अपलोड्स फोल्डरात 'फोटो डॉट पीएचपी' निघाली आणि गुगलवर कॉलेजचं नाव टाकलं की जपानी भाषेतली कसलीतरी शॉपिंगची पानं दिसतात. ती फाइल उडवली, आता बरंय ना?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही हो, बरं नाहीये. ती फाइल म्हणजे बहुतेक वेब शेल, म्हणजे ब्राउझरमधून तुमच्या सर्व्हरवर कमांड चालवायची सोय, आणि ती एकदा चालली की आत आलेला माणूस परत यायच्या अजून चार वाटा करून ठेवतो, कुठल्यातरी जुन्या इंडेक्स फाइलमध्ये दोन ओळी घुसडतो, क्रॉन जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, टाकतो. त्यामुळे एक फाइल उडवून काही होत नाही. साइट खाली घ्या, घुसखोरीच्या आधीच्या बॅकअपवरून नव्याने उभी करा, डेटाबेस, सीपॅनेल (होस्टिंगचं कंट्रोल पॅनेल), एफटीपी (सर्व्हरवर फाइल चढवायची सोय) सगळ्यांचे पासवर्ड बदला, क्रॉन बघा, आणि गुगल सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे गुगलवर साइट कशी दिसते ते बघायच्या जागी, भलताच कोणी ओनर म्हणून बसलाय का तेही बघा. पण भोक बुजवल्याशिवाय साइट परत वर आणू नका, नाहीतर पुन्हा तेच. आणि कॉलेजला सांगा. आधारच्या प्रती त्या फोल्डरात होत्या, त्या कोणी उतरवून घेतल्या नसतील असं छातीठोक म्हणता येत नाही. सांगायला जड जाईल, तरी सांगाच.

आता आली कशी. जावास्क्रिप्टचा चेक हा फक्त चुकून वेगळी फाइल निवडणाऱ्या पोरांसाठी असतो, मुद्दाम येणारा तुमचं पान उघडतच नाही, थेट रिक्वेस्ट पाठवतो. आणि पीएचपीत तुम्ही फाइल्स ॲरेमधला टाइप बघत असणार, बरोबर? तो टाइप ब्राउझरनेच पाठवलेला असतो. पार्सलवर 'आत पुस्तकं' असं पाठवणाऱ्यानेच लिहायचं आणि आपण ते वाचून सही करायची, तसं ते आहे. तिथे इमेज-जेपेग लिहून खाली पीएचपी पाठवता येते.

मग पीएचपीतलंच फाइलइन्फो वापरा, ते आतले बाइट्स बघतं. पण त्यावरही विसंबू नका, कारण खऱ्याखुऱ्या जेपीजीच्या कमेंटमध्ये पीएचपी कोड लपवता येतो, फाइलइन्फो त्याला जेपीजीच म्हणणार आणि ते खोटंही नाही. तो कोड चालतो की नाही हे ठरतं फाइलच्या नावावरून आणि ती कुठे पडलीय त्यावरून. म्हणून नाव तुमचं तुम्ही द्या: रँडम बाइट्समधून नाव, आणि एक्स्टेन्शन तुमच्या छोट्या यादीतून, जेपीजी, पीएनजी, पीडीएफ, संपलं. युजरने दिलेलं नाव ठेवायचंच असेल तर डेटाबेसमध्ये ठेवा, डिस्कवर नको. 'पीएचपी नको, पीएचटीएमएल नको' अशी नकाराची यादी करत बसू नका, ती कधीच पूर्ण होत नाही. अपाचे या वेब सर्व्हरच्या काही सेटअपमध्ये हँडलर, म्हणजे कुठली फाइल कशी चालवायची तो नियम, असा लावलेला असतो की 'फोटो डॉट पीएचपी डॉट जेपीजी'सुद्धा पीएचपी म्हणून चालते, शेवटचं एक्स्टेन्शन बघून तुम्ही निवांत आणि सर्व्हर मधलं बघतोय!

पण माझं विचाराल तर सगळ्यात आधी फोल्डर हलवा. पब्लिक एचटीएमएल या साइटच्या उघड्या फोल्डराच्या बाहेर, म्हणजे त्याला वेब ॲड्रेसच राहणार नाही. फाइल दाखवायची तेव्हा एका स्क्रिप्टमधून द्या, आणि ती स्क्रिप्ट आधी विचारेल की लॉगिन कोणाचं, ही मार्कशीट त्याचीच आहे का. हा दुसरा प्रश्न भरपूर लोक विसरतात, मग लिंकमध्ये आयडी 512 चा 513 केला की शेजारच्या मुलीचं आधार उघडतं. घुसखोर वगैरे लागतच नाही त्याला.

प्रश्न : अपलोड्सच्या फोल्डरात एचटीॲक्सेस (त्या फोल्डरापुरते नियम सांगणारी अपाचेची फाइल) टाकून पीएचपी बंद केली तर पुरे ना? फोल्डर हलवायला क्लायंट तयार नाही.
— पुण्याहून

उत्तर : चालत असेल तोवर पुरे. जेक्वेरी फाइल अपलोड नावाचं लोकप्रिय प्लगइन होतं, त्याच्या पीएचपी उदाहरणाची सगळी भिस्त अशाच एचटीॲक्सेसवर होती. अपाचेने 2.3.9 पासून डीफॉल्ट बदललं, अलाउओव्हरराइड नन केलं, म्हणजे वेगळं सांगितल्याशिवाय सर्व्हर ती फाइल वाचतच नाही, आणि प्लगइनमधलं हे भोक उघडकीला आलं थेट 2018 मध्ये. एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर तर एचटीॲक्सेस कधीच वाचत नाही, उद्या होस्टिंग बदललं की तुमचं कुलूप गायब आणि एरर पण येणार नाही. शिवाय युजरचं नाव तसंच ठेवत असाल तर तो स्वतःचीच एचटीॲक्सेस अपलोड करून तुमची पुसू शकतो. क्लायंट ऐकतच नसेल तर निदान एवढं करा: त्या फोल्डरात एक ओळीची पीएचपी ठेवून ब्राउझरमधून उघडा, चालली की दाखवा त्याला, मग ऐकेल. बघून झालं की काढून टाका.

प्रश्न : फोटो रीसाइझ करतोच, मग लपलेला कोड आपोआप जातो ना? आणि एसव्हीजी (कोडमध्ये लिहिलेलं चित्र) घेऊ का?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : जीडीने (पीएचपीच्या इमेज लायब्ररीने) पुन्हा सेव्ह केला की कमेंट आणि एक्झिफ (फोटोत कॅमेऱ्याने लिहिलेली माहिती) जातं, त्यात फोनने नोंदवलेलं घराचं लोकेशनही जातं, हा मोठाच फायदा. पण ओरिएंटेशन, म्हणजे फोटो उभा की आडवा ही नोंद, तेही जातं, ते आधी वाचून फोटो फिरवून घ्या नाहीतर निम्मी पोरं आडवी दिसतील. मात्र कोड शंभर टक्के जाईलच असं धरू नका, रीसाइझनंतरही टिकेल असा पीएनजी बनवणारे लोक आहेत. आणि फोटो उघडण्याआधी लांबी-रुंदी बघा, 20000 बाय 20000 चा फोटो डिस्कवर छोटासा असू शकतो पण मेमरीत पिक्सेलला 4 बाइट धरले तरी 1.6 जीबी होतात, सर्व्हर बसलाच. इमेजमॅजिक ही लायब्ररी वापरत असाल तर अपडेट ठेवा, 2016 च्या इमेजट्रॅजिक नावाच्या तिच्यातल्या भोकात मुद्दाम तशी बनवलेली इमेज नुसती प्रोसेस केली की सर्व्हरवर कमांड चालत होती.

एसव्हीजी नको. त्यात स्क्रिप्ट घालता येते आणि लिंक थेट उघडली की ती तुमच्या डोमेनवर चालते. लोगोसाठी घ्यावंच लागलं तर वेगळ्या डोमेनवरून द्या किंवा डाउनलोड म्हणून द्या, सोबत नोस्निफ हेडर, म्हणजे ब्राउझरने फाइलचा प्रकार स्वतः ताडायचा नाही अशी सूचना.

प्रश्न : मोठी पीडीएफ टाकली की सगळा फॉर्मच रिकामा येतो, हा हल्ला आहे का?
— लातूर

उत्तर : नाही हो. पोस्ट मॅक्स साइझ, म्हणजे एका वेळी फॉर्ममधून पाठवायची एकूण मर्यादा, ओलांडली की पीएचपी पोस्ट आणि फाइल्स दोन्ही रिकामे देते. डीफॉल्ट 8 एमबी असतं, आणि एका फाइलची मर्यादा वेगळी, 2 एमबी. कंटेंट-लेंग्थ (आलेल्या रिक्वेस्टचा आकार) बघून 'फाइल मोठी आहे' असा मेसेज दाखवा. मर्यादा वाढवा पण 100 एमबी वगैरे करू नका, मार्कशीटला 5 खूप झाले.